जाळीचं कपाट, पण जुलैसाठी

मे महिन्याच्या अखेरीस पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, भरायचं झालं की आमच्या घरात दरवर्षी एकच वाद: ठेवायचं कुठे? सोलं, सुक्या मिरच्या, चिंचेचे गोळे, खाऱ्याच्या बरण्या. बंद लोखंडी कपाटात ठेवलं तर पंधरा दिवसांत बुरशीचा वास, उघड्यावर ठेवलं तर मुंग्यांची रांग. आजीच्या घरी याला उत्तर होतं जाळीच्या कपाटाचं. चार पाय, दोन जाळीची दारं, पायांखाली पाण्याच्या वाट्या. ते कपाट वाटणीत कुठे गेलं कोण जाणे, म्हणून मी गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत तसंच एक केलं. खरं सांगायचं तर दोन केली. पहिलं फेब्रुवारीत झकास दिसत होतं आणि जुलैत त्याचं दार उघडेना.

शेजारच्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, मी ते पहिलं कपाट मोठ्या हौसेने दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी दारावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "आतां न्हय, पावसांत पळय." म्हणजे आत्ता नाही, पावसात बघ. तेव्हा मला तो नुसता टोमणा वाटला होता.

खाली जे लिहिलंय ते दुसऱ्या कपाटाचं, आणि हातात कधी करवत धरलेली नाही अशा माणसासाठी. फक्त रविवारी काम केलंत तर अडीच-तीन महिने लागतील.

लाकूड पाणी पितं

हे कळलं नाही तर पुढचं सगळं वाया. लाकूड सुकल्यावरही हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. हवेत 60 टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेत मुरलेल्या लाकडात वजनाच्या साधारण 11 टक्के पाणी असतं. आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की तेच 20 टक्क्यांच्या घरात जातं. आपल्याकडे हे दोन्ही टोकांचे महिने एकाच वर्षात येतात. फळी लांबीला जवळजवळ फुगत नाही, फुगते ती रुंदीला, रेषांच्या आडव्या दिशेने. फूटभर रुंद फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना दोन-तीन मिलिमीटर वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तिला जागा ठेवली नाही तर ती सांधा फोडून जागा करून घेते. रंग लावला, पॉलिश केलं, तरी हे थांबत नाही, फक्त सावकाश होतं.

मी पहिल्या कपाटात बाजूच्या फळ्या चौकटीच्या खाचेत चारही बाजूंनी फेव्हिकॉल भरून पक्क्या केल्या होत्या. मजबुतीच्या नावाखाली. जुलैत त्या फुगल्या आणि खांबाचा सांधा नखभर उघडला. पुढच्या जानेवारीत आकसल्या आणि एक फळी वरपासून खालपर्यंत उभी चिरली. रात्री साडेअकराला मोठा आवाज झाला, बायकोला वाटलं नारळ पडला.

लाकूड कुठलं

साग उत्तमच, पण शिकताना सागाची नासाडी करू नका. इथल्या वखारीत ज्याला मत्ती म्हणतात तो ऐन दारं-खिडक्यांना चांगला, पण नवख्याच्या हाताला फार कडक, पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीची, धार दहा मिनिटांत घालवतो. माझी शिफारस फणसाची. रंध्याखाली गोड चालतो, वाळवी त्याच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि आज हळदीसारखा पिवळा दिसणारा दोन-चार वर्षांत तपकिरी होतो. त्याचा भुसा मात्र घामाच्या अंगावर बसला की बनियन पिवळं होतं आणि धुऊन जात नाही. जुनं घाला.

परसातला फणस तोडायचा बेत असेल तर थांबा. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, 1984 प्रमाणे स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. वखारीतून घ्या, बिल घ्या.

घेताना फळीच्या कडेकडे बघा. फिकट, जवळजवळ पांढरा पट्टा दिसला तर तो सालीजवळचा कच्चा भाग. त्यातल्या पिष्टावर बारीक किडे जगतात. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड दिसली तर ती फळी कितीही स्वस्त मिळो, घरात आणू नका. थोडासा पांढरा भाग टाळता येत नसेल तर टाकणखार आणि बोरिक पावडर दीडास एक या प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून तिथे दोन-तीन हात मारा आणि पुन्हा पूर्ण वाळू द्या. हा हात नेहमी मागच्या किंवा खालच्या अंगाला, जिथे खाण्याच्या वस्तू टेकत नाहीत अशा भागावर.

"सुकलेलं आहे" या वखारीतल्या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. फळी हवेत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागतं, असा जुना ठोकताळा आहे. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्यात 12 ते 14 दिसलं की कामाला लागा. यंत्र नसेल तर फळीचा एक हातभर तुकडा दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही म्हणजे झालं. तोवर फळ्या सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचून ठेवा. पट्ट्या एकाखाली एक सरळ ओळीत यायला हव्यात, नाहीतर फळ्यांना बाक येतो.

बरंचसं वाळलेलं लाकूड मिळालं तर एकूण बेत असा बसतो: पाऊस गेला की नोव्हेंबरात खरेदी, फेब्रुवारीपासून काम, मेच्या मध्यापर्यंत पॉलिश. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, त्या आधी डबा बंद.

मापं

आपल्या सुतारांचं माप इंच आणि सूत. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. एकदा सवय झाली की मिलिमीटरपेक्षा बरं पडतं, कारण सूत डोळ्याला दिसतं.

कपाट 48 इंच उंच, 30 इंच रुंद, 16 इंच खोल. तयार झालेल्या तुकड्यांची मापं:

उभे खांब: 4, 2 × 2 इंच, लांबी 48
बाजूच्या आडव्या (खांब जोडणाऱ्या पट्ट्या): 6, अडीच इंच × 1 इंच, लांबी साडेतेरा
पुढच्या-मागच्या आडव्या: 4, अडीच इंच × 1 इंच, लांबी साडेसत्तावीस
बाजूची पानं (खांब आणि आडव्यांमधली जागा भरणाऱ्या फळ्या): 4, साडेबारा इंच रुंद, 17 इंच 7 सूत उंच, अर्धा इंच जाड
कप्प्यांच्या पट्ट्या: 15, अडीच इंच × पाऊण इंच, लांबी 26 ला एक सूत कमी
कप्प्यांचे आधार: 6, 1 × 1 इंच, लांबी 14
वरची फळी: 32 × 17, जाडी 1 इंच
पाठ: 6 मिलिमीटरचं प्लाय, 26 × 42

दारांचं माप आत्ता लिहून घेऊच नका. सांगाडा उभा राहिल्यावर जे भोक प्रत्यक्षात पडेल त्यावरून काढायचं. कागदावरचं 26 इंच लाकडात कधीच 26 येत नाही.

लाकूड घनफुटावर मिळतं. फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले 144. दारं धरून वरचा हिशेब दोन घनफुटांच्या थोडा वर जातो. गाठी, चिरा आणि माझ्या चुका धरून मी तीन घेतलं होतं आणि उरलं ते एका पाटापुरतं. फळ्या गिरणीवरच जाडीला रंधून घ्या. हाताने सगळं रंधायचं म्हणाल तर पहिल्याच महिन्यात हौस फिटेल.

प्लायच्या बाबतीत एकच सांगणं. आयएस 303 शिक्क्याच्या एमआर, म्हणजे नुसती ओल सोसणाऱ्या, प्रतीचं प्लाय आपल्या पावसात पाठीला लावू नका, त्याचे थर सुटतात. आयएस 710, म्हणजे मरीन, घ्या. शिक्का प्रत्येक पत्र्यावर स्वतः बघा.

अवजारं थोडीच लागतात: बारीक दातांची करवत, लोखंडी रंधा, तीन सुती आणि एक इंची पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, लाकडी हातोडा, ड्रिल, चार मोठे क्लॅम्प, आणि सगळ्यात महत्त्वाचा धार लावायचा दगड. नवीन पटाशी दुकानातून धार लावलेली येते हा गैरसमज आहे. पाठ दगडावर घासून आरशासारखी सपाट करा, मग 30 अंशांच्या आसपास कोन धरून पुढची बाजू घासा. हातावरचे केस निघाले की झाली. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि हात कापतो तो तिथेच. आणखी एक अवजार म्हणजे शेजाऱ्यांशी संबंध. दुपारी एक ते चार करवत चालवू नका, गोव्यात ती वेळ पवित्र आहे.

कुसू आणि भोक

आडवीचं टोक चारही बाजूंनी उतरवून जी जीभ राहते ते कुसू. ते खांबातल्या भोकात बसतं. या कपाटात सगळी कुसवं तीन सूत जाड आणि पाऊण इंच लांब. खांब दोन इंची घेतला त्याचं कारण इथे आहे. एकाच उंचीवर दोन बाजूंनी कुसवं येतात, आणि पाऊण इंचात ती एकमेकांना भिडायला अर्धा सूत कमी पडतात. दीड इंची खांबात ती आत आदळली असती.

आधी भोक, मग कुसू. उलटं करू नका. कुसू भोकाच्या मापाने तासता येतं, पण भोक एकदा मोठं झालं की ते लहान कोण करणार?

चारही खांब एकत्र चिकटवून उभे धरा आणि खुणा एकदम सगळ्यांवर ओढा. वरच्या आडवीची वरची कड खांबाच्या डोक्याशी, खालच्या आडवीची खालची कड जमिनीपासून 6 इंचांवर, मधली बरोबर दोन्हींच्या मध्ये. खुणा पेन्सिलीने नाही, सुरीच्या टोकाने. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि पटाशी तिच्या कुठल्या बाजूला ठेवायची हा प्रश्न पडतो. सुरीच्या रेघेत पटाशीची धार आपोआप जाऊन बसते, टक असं जाणवतं.

भोकाच्या मध्यरेषेवर ड्रिलने सात सूत... नाही, साडेसहा सूत खोल भोकं पाडत जा. मी पहिल्यांदा सात सूत गेलो आणि दोन भोकं आत एकमेकांना मिळाली. ड्रिलच्या पात्याला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. मग पटाशीने मधल्या भिंती काढा. पटाशी उभी, रेषांना आडवी, एकेका घावाला सूतभर पुढे. शेवटची कड शेवटी, आणि तीही एका घावात नाही. कडेला एकदम घाव घातला की पटाशी मागे सरकते आणि रेघेबाहेर खड्डा पडतो. अशी वीस भोकं कराल, तिसऱ्या-चौथ्यापासून हात बसेल. म्हणून सुरुवात मागच्या खांबांपासून करा, ते भिंतीकडे जाणार.

कुसू करवतीने थोडं जाड ठेवा आणि पटाशीने एकेक पापुद्रा काढत बसवा. हाताच्या जोराने आत जायला हवं आणि आडवी उलटी धरली तर गळून पडता कामा नये. हातोडीने ठोकावं लागलं तर खांब फाटेल.

बाजूच्या खांबांना आणि आडव्यांना आतल्या कडेने तीन सूत रुंद, तीन सूत खोल खाच लागते, पानं बसवायला. राउटर, म्हणजे खाच पाडायचं विजेचं यंत्र, असेल तर अर्ध्या तासाचं काम. नसेल तर खाच काढायचा रंधा एखाद्या मेस्ताकडून उसना मिळतो, फक्त परत देताना धार लावून द्या.

पानं मोकळी

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. साडेबारा इंची पान दोन-तीन फळ्या कडेला कड चिकटवून करा आणि मागच्या अंगाने कडा उतरवून तीन सुती खाचेत सैल सरकतील एवढ्या करा. दोन खांबांमध्ये 12 इंच, दोन्हीकडची खाच तीन-तीन सूत, म्हणजे आत एकूण पावणेतेरा इंच जागा. पान साडेबारा. दोन्ही बाजूंना सूत-सूत रिकामं. फेब्रुवारीत ही फट खाचेत लपलेली असते, जुलैत पान त्यात पसरतं. पानाला डिंक लावायचा नाही. कुठेच नाही. खाचेतही नाही, कोपऱ्यातही नाही. आडव्यांवर आणि पानावर पेन्सिलीने मध्य खुणा, आणि फक्त त्या मध्यावर वर एक, खाली एक बारीक खिळा, म्हणजे पान एका बाजूला सरकणार नाही. पान बसवण्याआधीच त्याला पॉलिश करून ठेवा, नाहीतर हिवाळ्यात ते आकसलं की कडेला कोऱ्या लाकडाची पिवळी रेघ दिसते.

दोन खांब आणि तीन आडव्या मिळून एक शिडी होते. आधी दोन शिड्या, त्या वाळल्या की पुढच्या-मागच्या आडव्यांनी त्या जोडायच्या. डिंक लावण्याआधी सगळं एकदा कोरडं जोडून बघा. फेव्हिकॉल मरीन कुसवाला आणि भोकाला दोन्हीकडे पातळ लावा. उन्हाळ्यात तो दहा मिनिटांत धरायला लागतो, म्हणून क्लॅम्प आधीच उघडून हाताशी, आणि मोबाइल घरात. क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण दोरीने मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प तिरका करून ओढा. बाहेर आलेला डिंक तसाच सोडा आणि रबरासारखा झाल्यावर पटाशीने काढा. ओल्या फडक्याने पुसलात तर तो रेषांत शिरतो आणि पॉलिशमध्ये डाग दिसतात.

कप्प्यांचे आधार खांबांच्या आतल्या अंगाला स्क्रूने, त्यावर प्रत्येक कप्प्याला पाच पट्ट्या, मध्ये दोन-दोन सुताची फट. हवा खेळायला ती हवीच. पाठीचं प्लाय मागच्या आडव्यांच्या मागे, दोन खांबांच्या मध्ये जो अर्धा इंच खळगा आपोआप पडतो त्यात बसतं. त्याला वर तीन आणि खाली तीन, अशी इंचभर रुंद भोकं पाडून आतून जाळी लावा, म्हणजे दारातून आलेली हवा अडत नाही. वरची फळी मागच्या आडवीला घट्ट, पण पुढच्या आडवीला स्क्रू लांबट भोकातून. 17 इंच रुंद फळी आहे, ती पुढच्या बाजूला वाढेल.

दारं, पितळ, पॉलिश

दारांच्या चौकटी दोन इंच रुंद, इंचभर जाड. मध्ये जाळी, त्यामुळे फुगायला लाकूड थोडंच: चार उभ्या मिळून आठ इंच. त्यांची वाढ साधारण दोन मिलिमीटर. दोन दारांच्या मध्ये एक सूत आणि बिजागरीच्या बाजूंना अर्धा-अर्धा सूत फट ठेवली की पुरतं. उन्हाळ्यात ती फट डोळ्यात खुपते. पाहुणे विचारतात. विचारू देत.

जाळी 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची. साधी लोखंडी जाळी आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढत नाही. बिजागऱ्या पितळी, स्क्रूही पितळी. पितळी स्क्रू मऊ असतो, फिरवताना मान तुटते आणि धड लाकडात राहतं. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून बाहेर काढा, मग पितळी स्क्रूला मेण चोळून हाताने बसवा.

पॉलिशसाठी आतून-बाहेरून लाखेचं: लिटरभर स्पिरिटात दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवून गाळून घ्या. पातळ पाच-सहा हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. हवा दमट असताना लावलं तर पांढरट धुकं येतं, म्हणून मे उलटू देऊ नका. नुसतं जवसाचं तेल मी टाळतो, पावसात त्यावर काळी बुरशी धरते. आणि तेल वापरलंच तर त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा. वरच्या फळीवर ओली भांडी येणार, लाखेवर पांढरी वर्तुळं उठतील, तिथे पॉलियुरेथेनचे तीन हात द्या.

खांबांची खालची टोकं सगळ्यात जास्त पाणी ओढतात. ती पॉलियुरेथेनमध्ये बुडवून वाळवा, पुन्हा बुडवा. मग पायाखाली वाट्या. वाटीत आधी उलटी पणती किंवा काचेचा ठोकळा ठेवून त्यावर पाय, म्हणजे पाय पाण्यात उभा राहत नाही. पाणी दर आठवड्याला ओतून टाका आणि ताजं भरा, नाहीतर मुंग्यांऐवजी डास पाळाल. कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून दोन इंच पुढे.

आणि जुलैत एखादं दार तरीही घासलंच, तर लगेच रंधा उचलू नका. घासतं तिथे खडूने खूण करा आणि कपाट तसंच चालवा. ऑगस्टमध्ये ती खूण पुसली गेली असेल, पुन्हा करा. ऑक्टोबरात दार मोकळं होतं, तेव्हा खुणेवरून फक्त दोन पापुद्रे काढा आणि त्या कोऱ्या कडेला लगेच लाखेचा हात द्या. माझ्या दुसऱ्या कपाटाच्या डाव्या दाराचे असे एकदाच काढले. मेस्त येतात तेव्हा अजून त्याच दारावरून हात फिरवतात, काही बोलत मात्र नाहीत.